पूल झाला की ये

एक मिनिट बावन्न सेकंद.
त्यातला एक्केचाळिसावा सेकंद मी पाहिला
मये फीडरच्या चौदा नंबरच्या खांबावर,
कमरेच्या पट्ट्यावर रेलून,
लाइन बंद, परमिट खिशात,
खाली वैकुंठ ओरडतोय, जंपर लागला का रे?
लागला.
पण पूल दिसला.

धुकं, घोडा, आणि ती नवी नायिका
जिचं नाव अजून कुणी फोडलेलं नाही.
तिच्या खांद्यामागे, डावीकडे,
करंगळीच्या नखाएवढी दगडी कमान.
वैकुंठ म्हणाला, नार्व्याचा का?
त्याच्या डोक्यात बिचाऱ्याच्या कायम टेंडर.

पहिला भाग आला तेव्हा मी आयटीआयला होतो.
डिचोलीच्या बाजारात कायतानचं सायबर कॅफे,
तासाला तीस रुपये, पंख्याखाली बसलात तर पस्तीस.
सिमेंटच्या कॅलेंडरच्या पाठीवर
कायतान त्या देशाचा नकाशा काढायचा बॉलपेनने :
विहिरी निळ्या, लांडगे लाल,
जिथे मी मेलो तिथे फुली.
पुष्कळ फुल्या.

तिथे दिसेल त्या डोंगरावर जाता यायचं.
हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग?
आमच्या घरामागच्या डोंगराला कंपनीचं गेट होतं,
गेटवर राखणा.
पुढे गेट राहिलं, डोंगर गेला.
आता तिथे हिरवं पाणी आहे,
दगड टाकला तर आवाजसुद्धा परत येत नाही.

त्या देशात नदीकाठी एक बाई होती.
बांधलेली होडी, हातात कंदील.
सोनं ओता, राजाची मोहर दाखवा,
तिचं आपलं एकच वाक्य :
पूल झाला की ये.
पूल झालाच नाही.
बनवणाऱ्यांचे पैसे संपले म्हणतात, किंवा दिवस.
कायतान म्हणायचा, गोंयचीच आसतली ती.

शेवटचा सेव्ह मी तिच्यासमोर केला.
अकरा वर्षं माझा माणूस तिथे उभा आहे
ओल्या बुटांनी.

दोनदा तारीख पुढे गेली.
कायतान बोटीवर गेला, कॅफेत मोबाइलची कव्हरं आली,
माझा डावा हात ट्रान्सफॉर्मरने एकदा चाखला.
चवथीचा बोनस मी ग्राफिक्स कार्डात घातला
आणि प्रज्वलाला सांगितलं, इन्व्हर्टर.
(इन्व्हर्टर कुठाय, हे ती अजून विचारते.)

चौदा नोव्हेंबरची रजा टाकलीय.
कारण : घरचं कार्य.
फळदेसाई साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं,
कुणाचं?
मी जमिनीकडे बघत म्हटलं, जुन्या ओळखीतलं आहे.

शहाणी माणसं म्हणतात, रोज एवढ्या उंच चढतोस,
तळं दिसतं, माडांचे शेंडे, पलीकडे दिवाडी,
हेच बघ की, हे काय कमी आहे?
बघतो ना.
त्या देशात बुरुजावर चढलं की
काळा नकाशा कोस कोस उजळत जातो.
इथे चढल्यावर एवढंच कळतं
की फ्यूज कोणाचा गेलाय.

खाली उतरलो तर कायतानचा मेसेज.
कुठल्या समुद्रातून, देव जाणे.
नुसतं : ४१?
मी लिहिलं : ४१.
दोघेही मग पुढे काही बोललो नाही.

एकशे अडतीस जीबी उतरवायचे आहेत,
आणि ती केबल माझ्याच खांबांवरून घरी येते;
त्या रात्री वीज गेली
तर शिव्या कुणाला घालू?

एकच भीती. ती बाई
दुसऱ्या भागात घेतलीच नसेल तर?
पाव गतीने मी तो सेकंद दोनशेदा पाहिला.
कमानीखाली एक पिवळा ठिपका आहे.
वैकुंठ म्हणतो, स्क्रीनवरचा डाग.
शर्टाच्या टोकाने घासून पुसला.
गेला नाही.